दात जातो, मग हाड जाते

पडलेल्या किंवा काढलेल्या दाताच्या जागी जबड्यात टायटॅनियमचा एक लहान स्क्रू बसवायचा आणि त्यावर नवा दात उभा करायचा, ही इम्प्लांटची कल्पना आता सामान्य माणसालाही नवी राहिलेली नाही. मात्र तो स्क्रू ज्या हाडात बसायचा ते हाड तिथे शिल्लक आहे का, हा प्रश्न बहुतेकांच्या मनात येतो तो खर्चाच्या कागदावर ‘बोन ग्राफ्ट’ अशी वेगळी ओळ दिसते तेव्हाच. तोवर दात काढून अनेकदा वर्षे लोटलेली असतात. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, जबड्यात हाडाची भर घालण्याचा विचार इम्प्लांटच्या वेळी सुरू होतो हेच मुळात उशिराचे आहे. त्याची खरी वेळ दात काढण्याच्या आधीची असते. तेव्हा तो विचार झाला तर आज घातली जाणारी बरीचशी भर टळेल, जी लागेल ती लहान असेल, आणि आपल्या जबड्यात काय घातले जात आहे व कशासाठी, हे विचारायला रुग्णाला सवड मिळेल.

जबड्याचे हाड बाहेरून एकसंध दिसत असले तरी त्याचे दोन भाग मानावे लागतात. खालचा पाया आयुष्यभर टिकतो. त्यावर दातांच्या मुळांभोवती उभा राहिलेला जो भाग, ज्याला दंतधारक हाड म्हणता येईल, तो दातांबरोबर येतो आणि दातांबरोबर जातो. ज्यांच्या जबड्यात एखादा दात जन्मतः तयारच होत नाही, त्यांच्या त्या जागी हे हाडही पुरते भरत नाही. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचे तंतूंचे अस्तर असते. घास चावताना दातावर येणारा दाब हे तंतू ओढीच्या रूपाने हाडापर्यंत पोचवतात, आणि हाडाच्या ज्या पातळ थरात त्यांची टोके रुतलेली असतात तो थर त्यांच्याच आधारावर जगतो. हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःची रचना बदलत राहते, हा नियम जर्मन शल्यवैद्य युलियुस वोल्फ यांनी 1892 मध्ये ग्रंथरूपाने मांडला होता. जबड्याइतका त्याचा लवकर आणि ठळक प्रत्यय शरीरात क्वचितच येतो.

दात निघाला की त्याच्या खोबणीत रक्ताची गुठळी होते, काही आठवड्यांत तिच्या जागी कोवळे हाड धरू लागते, आणि वरून हिरडी बंद होते. रुग्णाच्या दृष्टीने जखम भरली. आत मात्र त्याच काळात उलट दिशेची घडामोड चाललेली असते, कारण खोबण आतून भरत असतानाच तिची ओठाकडची भिंत झिजत असते. वरच्या पुढच्या दातांच्या बाबतीत ही भिंत बहुतेक माणसांत एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते आणि ती जवळजवळ संपूर्णपणे त्या तंतुधारक थराचीच बनलेली असते. तंतू गेले की तिला टिकून राहण्याचे कारणच उरत नाही. दात काढल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्या जागेची रुंदी साधारण 29 ते 63 टक्के आणि उंची 11 ते 22 टक्के कमी होते, असे अनेक अभ्यास एकत्र पाहणाऱ्या आढाव्यात दिसून आले आहे. डेन्मार्कमध्ये 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षभरात रुंदी जवळजवळ निम्म्याने घटलेली आढळली, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झालेली होती. म्हणजे ‘जखम नीट भरू द्या, मग बघू’ असे म्हणून जो काळ सहज जाऊ दिला जातो, तोच हाडाच्या दृष्टीने सर्वांत नुकसानीचा काळ असतो.

पुढेही ही झीज पूर्ण थांबत नाही. संपूर्ण कवळी वापरणाऱ्यांच्या जबड्यांचा 25 वर्षांचा मागोवा घेणारा अँट्ये टालग्रेन यांचा अभ्यास 1972 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात झीज वर्षानुवर्षे चालू राहते आणि खालच्या जबड्यात ती वरच्यापेक्षा सुमारे चौपट असते, असे दिसले. खालची कवळी सैल होते, जेवताना उचलते, बोलताना सरकते आणि घरातल्या वृद्ध व्यक्तीने शेवटी ती रुमालात गुंडाळून कपाटात ठेवून दिलेली असते, याचे कारण बहुधा कवळीत नसून तिच्याखालच्या हाडात असते.

इम्प्लांटच्या इतिहासात या हाडाकडे पाहण्याची दृष्टी एकदा पूर्ण उलटली, आणि आजचे बोन ग्राफ्टचे प्रमाण समजून घ्यायचे तर ती उलथापालथ लक्षात घ्यावी लागते. स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनमार्क 1950च्या दशकाच्या आरंभी सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहत असताना, निरीक्षणासाठी आत बसवलेली टायटॅनियमची नळी प्रयोग संपल्यावर निघेना, कारण हाड तिला थेट चिकटले होते. धातू आणि जिवंत हाड यांच्या या थेट जोडणीवर पुढचे सगळे उभे राहिले. त्यांनी 1965 मध्ये पहिल्या रुग्णावर उपचार केले. त्या रुग्णाचे इम्प्लांट 2006 साली त्याच्या मृत्यूपर्यंत टिकले. 1982 मध्ये टोरांटोच्या परिषदेत उत्तर अमेरिकेतील दंतवैद्यांनी ही पद्धत मान्य केली. या पहिल्या काळातले तत्त्व साधे होते, की हाड जिथे आहे तिथे इम्प्लांट बसवावा आणि दातांची जुळणी त्यावरून करावी. खालच्या जबड्याचा हनुवटीजवळचा भाग सर्वांत भरीव, म्हणून इम्प्लांट तिथे. ते दात दिसायला फार सुबक नसत, पण चावायला पक्के असत.

पुढे रुग्णांच्या अपेक्षा वाढल्या, संगणकावर आधी दाताची जागा ठरवता येऊ लागली, आणि तत्त्व उलटे झाले. दात जिथे हवा तिथे इम्प्लांट, आणि इम्प्लांट जिथे हवा तिथे हाड, अशी क्रमवारी रूढ झाली. साधारण चार मिलिमीटर जाडीच्या इम्प्लांटभोवती सगळीकडून किमान एक आणि दर्शनी बाजूने शक्यतो दीड ते दोन मिलिमीटर हाड असावे असे मानतात, म्हणजे कडेची रुंदी सहा-सात मिलिमीटर लागते. ती नसेल तर आणायची. हा बदल चांगलाच होता. त्यामुळे हसताना दिसणारा दात खऱ्यासारखा होऊ शकला आणि त्याच्याभोवतीची हिरडी टिकू शकली. पण त्याबरोबर एक सवयही आली, की हाड कमी दिसले की ते भरायचेच. हाडाची कमतरता ही आपोआप हाड भरण्याची गरज ठरत नाही, हे मात्र या सवयीत झाकले गेले.

हाडाची भर तीन प्रकारे काम करते, आणि हे प्रकार नीट वेगळे केले नाहीत तर पुढची चर्चा धूसर होते. काही सामग्री स्वतः जिवंत पेशी घेऊन येते आणि नवे हाड घडवते. काही सामग्री आजूबाजूच्या पेशींना हाड घडवण्याचा संदेश देते. आणि काही नुसता सांगाडा पुरवते, ज्याच्यावरून शेजारचे हाड आत सरकत येते. रुग्णाचे स्वतःचे हाड, जे हनुवटीतून, अक्कलदाढेमागच्या भागातून किंवा मोठ्या कामासाठी कमरेच्या हाडातून घेतात, ही तिन्ही कामे करते. त्याची किंमत म्हणजे दुसरी जखम, हनुवटीच्या बाबतीत काही वेळा खालच्या पुढच्या दातांत राहणारा बधिरपणा, आणि बसवलेल्या हाडाचा काही भाग पुन्हा विरघळून जाणे. संदेशाची गोष्ट लॉस एंजलिसच्या मार्शल युरिस्ट यांनी 1965 मध्ये उघड केली. खनिजे काढून टाकलेले हाड त्यांनी प्राण्यांच्या स्नायूत, जिथे हाड असण्याचे काही कारणच नाही तिथे ठेवले, आणि तिथे नवे हाड तयार झाले. म्हणजे हाडाच्या मूळ द्रव्यातच हाड घडवण्याची सूचना देणारी प्रथिने होती. तिसऱ्या प्रकारात, म्हणजे नुसत्या सांगाड्याच्या कामासाठी, गुरांच्या हाडापासून सेंद्रिय अंश काढून तयार केलेले दाणे आणि हायड्रॉक्सीअपटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, बायोॲक्टिव्ह ग्लास यांसारखी कृत्रिम द्रव्ये येतात, आणि रोजच्या कामात जास्तीत जास्त वापर यांचाच होतो.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया जवळून पाहिली की हे काम किती नाजूक आहे ते कळते. हिरडी उचलून मागे घेतल्यावर तिच्याखाली माथ्याकडे निमुळती होत गेलेली हाडाची कड दिसते, पायथ्याशी रुंद आणि माथ्याशी जेमतेम तीन मिलिमीटर. डॉक्टर तिच्या कठीण पृष्ठावर बारीक ड्रिलने टोचे पाडतात, म्हणजे आतल्या मज्जेतले रक्त आणि पेशी वर येतात. लहानशा वाटीत काढलेले पांढरे, खडबडीत दाणे, पाव ते एक मिलिमीटर आकाराचे, सलाइनमध्ये किंवा त्याच जखमेतल्या रक्तात भिजवले जातात आणि भिजून एकमेकांना धरू लागले की कडेवर रचले जातात. त्यांच्यावर कोलॅजनचा पातळ पडदा मापाने कापून अंथरतात, कारण हिरडीच्या पेशी हाडाच्या पेशींपेक्षा फार वेगाने वाढतात आणि पेरलेल्या वाफ्यात तण आधी माजावे तशा त्या मोकळी जागा बळकावतात. पडद्याने त्यांना अडवून हाडाला अवधी द्यायचा, ही कल्पना 1980च्या दशकात स्वीडनमध्ये प्रयोगांनी पक्की झाली. मग हिरडी पुन्हा खाली आणायची तर ती पुरत नाही, कारण खाली आता भर आहे. तेव्हा हिरडीच्या आतल्या अंगाचे अस्थिआवरण अगदी वरवर, आडवे छेदून तिला सैल करावे लागते. टाके ताण न पडता जुळले पाहिजेत. ते पहिल्या दोन आठवड्यांत उसवले तर पडदा उघडा पडतो, तोंडातले जंतू आत शिरतात आणि भर अंशतः किंवा पूर्ण वाया जाते. एवढ्या मोठ्या उपचाराचे भवितव्य त्या एका सैल केलेल्या हिरडीवर टेकलेले असते, म्हणून सामग्रीच्या नावापेक्षा ती वापरणारा हात महत्त्वाचा आहे, असे निःसंकोच म्हणता येते.

त्यानंतर चार ते सहा महिने थांबायचे. मग एक्स-रे काढला की ती जागा पांढरी, भरीव दिसते आणि रुग्णाला ती दाखवून काम उत्तम झाल्याचे सांगितले जाते. इथे थोडे थांबण्याची गरज आहे, कारण एक्स-रेवर दिसणारा पांढरेपणा बऱ्याच अंशी त्या दाण्यांचाच असतो, जे घातले त्याच दिवशीही तितकेच पांढरे दिसले असते. गुरांच्या हाडाचे दाणे फार हळू विरघळतात. कित्येक वर्षांनंतर घेतलेल्या नमुन्यांतही ते सापडतात. वरच्या जबड्यातील पोकळीत असे दाणे भरून सहा-आठ महिन्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर खरे नवे हाड साधारण पाव ते एक तृतीयांश भागात असते आणि उरलेला भाग दाणे व मज्जा यांनी व्यापलेला असतो. यात फसवणूक नाही. एवढे हाड इम्प्लांट धरून ठेवायला पुरते हे दीर्घ अनुभवाने सिद्ध आहे, आणि दाणे हळू विरघळतात म्हणूनच जागेचा आकार टिकतो. पण ‘तुमचे हाड पुन्हा तयार झाले’ हे वाक्य रुग्णाला जे समजते आणि जबड्यात जे असते, यांत अंतर आहे, आणि ते बोलून दाखवणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे.

सामग्रीच्या उगमाचा प्रश्न तर महाराष्ट्रात विशेष गांभीर्याने घेतला पाहिजे. सर्वाधिक वापरले जाणारे काही दाणे गुरांच्या हाडाचे असतात. पडद्यातले कोलॅजन बहुधा डुकराचे किंवा गुरांचे असते. हिंदू, मुस्लिम, जैन अशा निरनिराळ्या घरांतून आलेल्या रुग्णांपैकी कोणाला कशाचे वावडे असेल हे डॉक्टरने गृहीत धरू नये; ते विचारावे. एखाद्या जैन आजींना त्यातले काही चालेल आणि एखाद्या तरुणाला अजिबात चालणार नाही, असेही होईल. ‘ही प्रक्रिया केलेली निर्जंतुक सामग्री आहे’ हे उत्तर वैद्यकीय शंकेला पुरते. ज्याला श्रद्धेची किंवा अहिंसेची शंका आहे त्याला ते उत्तरच नव्हे. पर्याय असताना तर गप्प बसण्याचे काहीच कारण नाही. कृत्रिम दाणे आहेत, स्वतःचे हाड आहे, आणि माणसाने माणसाला दिलेले हाडही आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतक पेढी 1988 पासून दात्यांकडून मिळालेले हाड गोठवून, कोरडे करून आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करून पुरवत आली आहे, आणि मुंबईतील अनेक दंतवैद्यांना ते परिचित आहे. 2011 च्या दुरुस्तीने अवयव प्रत्यारोपणाच्या 1994 च्या कायद्याच्या कक्षेत ऊतकेही आणली गेली, यामागे मानवी शरीराच्या कोणत्याही भागाचा व्यवहार उघड, नोंदलेला आणि संमतीचा असावा, हाच विचार होता. दाताच्या खोबणीत घातलेल्या अर्ध्या ग्रॅम दाण्यांनाही तोच विचार लागू व्हायला हवा.

वरच्या मागच्या दाढांची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्यांच्या मुळांच्या वर, वरच्या जबड्याच्या हाडात हवेची पोकळी, म्हणजे सायनस, असते. दाढ गेल्यावर हाड खालून झिजते आणि ही पोकळी वरून खाली पसरते, त्यामुळे मध्ये कधी कधी दोन-तीन मिलिमीटरच हाड उरते. अमेरिकेत हिल्ट टेटम यांनी 1970च्या दशकात, आणि फिलिप बॉइन व रॉबर्ट जेम्स यांनी 1980 च्या लेखातून, पोकळीच्या बाजूच्या भिंतीत लहान खिडकी करून आतले अस्तर न फाडता वर उचलण्याची आणि खालच्या जागेत हाड भरण्याची पद्धत रूढ केली. अस्तर अंड्याच्या कवचाखालच्या पापुद्र्याइतके पातळ असते. ते फाटणे हा या शस्त्रक्रियेतला सर्वांत नेहमीचा अपघात आहे. तरीही ही पद्धत हाड भरण्याच्या सर्व पद्धतींत सर्वाधिक भरवशाची मानली जाते, आणि ज्यांना सर्दी-सायनसचा जुना त्रास नाही व मागच्या दाढा खरोखरच हव्या आहेत, त्यांच्यासाठी ती योग्यही आहे.

प्रश्न आहे तो ‘खरोखरच हव्या’ या दोन शब्दांचा. हाड कमी असताना ते न भरताही काम भागते, असे मार्ग आता पुरेसे तपासले गेले आहेत. सहा मिलिमीटर लांबीचे आखूड इम्प्लांट आणि हाड भरून बसवलेले लांब इम्प्लांट यांची पाच वर्षांपर्यंतची तुलना केलेल्या अभ्यासांत टिकण्याच्या प्रमाणात मोठा फरक दिसलेला नाही. त्रास, खर्च आणि काळ मात्र आखूड इम्प्लांटमध्ये कमी. वरचे सगळे दात गेलेल्यांसाठी लिस्बनच्या पाउलो मालो यांनी रूढ केलेल्या पद्धतीत चार इम्प्लांटांपैकी मागचे दोन तिरके बसवून सायनस टाळला जातो. आणि खालचा जबडा पूर्ण बोडका झालेल्या वृद्धासाठी तर उत्तर बहुतेक वेळा फारच साधे असते. 2002 मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी असे मत दिले की, अशा रुग्णाला पहिला पर्याय म्हणून हनुवटीच्या भागात दोन इम्प्लांट आणि त्यांवर खटक्याने बसणारी कवळी द्यावी. त्या भागात हाड प्रायः शिल्लक असते, भर लागत नाही, आणि रुमालात बांधून ठेवलेल्या कवळीच्या जागी भाकरी मोडता येईल असे दात मिळतात. सत्तरी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या माणसाला दोन टप्प्यांची हाडाची भर, वर्षभराचा उपचार आणि पुढे सहा इम्प्लांट सुचवण्याआधी हा पर्याय त्याच्यासमोर ठेवला गेला नसेल, तर त्या संमतीला संमती म्हणणे कठीण आहे. साधा ब्रिज किंवा उत्तम बसवलेली कवळी यांनाही कमी प्रतीचा उपचार म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे आहे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, मग दात काढतानाच खोबण भरून टाकावी, म्हणजे पुढचा सगळा प्रश्न मिटेल. काही दवाखान्यांत असे नियमाने केलेही जाते. पण पुराव्यांचा कल इतका सरळ नाही. खोबण भरल्याने झीज कमी होते, पूर्ण थांबत नाही. आणि या विषयावरील अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेणाऱ्यांनी हा फायदा मान्य करतानाच त्याची खात्री कमी दर्जाची असल्याचेही नोंदवले आहे. अक्कलदाढ काढल्यावर तिथे इम्प्लांट कोणी बसवत नाही, मग भर कशासाठी? दोन जाड, शाबूत भिंतींमधून दाढ निघाली आणि दोन-तीन महिन्यांत इम्प्लांट बसवण्याचे ठरलेले असले, तर आतून भरणारे नैसर्गिक हाड बहुधा पुरते. उलट विरघळायला वर्षे लागणारे दाणे तिथे घातले तर इम्प्लांटच्या वेळी ड्रिल जिवंत हाडाऐवजी त्या दाण्यांतून जातो. याउलट वरचा पुढचा दात, तोही अपघाताने मोडलेला, बाहेरची भिंत पातळ किंवा फुटलेली, आणि वय किंवा पैसा यांमुळे इम्प्लांट वर्षभराने बसणार असे असले, तर खोबण भरणे हाच शहाणपणाचा मार्ग. म्हणजे भर घालायची की नाही, हे दात कोणता, भिंत कशी आणि पुढे काय करायचे आहे, यांवर ठरते. आणि या तिन्ही गोष्टी दात काढण्याआधीच पाहता येतात.

दात काढण्याची पद्धतही इथे निर्णायक ठरते. चिमट्याने दात दोन्ही बाजूंना जोराने हलवून खोबण रुंद करायची आणि तो उपटायचा, ही जुनी रीत जलद असते, पण तिच्यात बाहेरची पातळ भिंत अनेकदा तडकते किंवा मुळाबरोबरच बाहेर येते. त्याऐवजी अगदी पातळ पात्याने मूळ आणि हाड यांमधले तंतू भोवताली कापत जायचे, दाढ असेल तर तिची मुळे ड्रिलने अलग करून एकेक काढायची, आणि गरज नसेल तर हिरडी उचलायची नाही, असे केले तर वेळ दुप्पट लागतो आणि हाड वाचते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात, जिथे खुर्चीबाहेर दाबून धरलेले गाल घेऊन माणसे रांगेत उभी असतात, हा दुप्पट वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न खरा आहे. शासकीय आणि महापालिकेच्या दंत महाविद्यालयांत दात काढणे नाममात्र शुल्कात होते, तर इम्प्लांट आणि भर यांचा खर्च रुग्णाच्या खिशावर पडतो. आरोग्यविमा अपघात वगळता दातांच्या उपचारांना बहुधा हात लावत नाही. परिणामी जो टप्पा स्वस्त आहे तिथे हाड गमावले जाते आणि जो महाग आहे तिथे ते विकत घ्यावे लागते. ही विषमता पैशाने सुटण्याआधी क्रम बदलून बरीच सुटू शकते, आणि त्यासाठी पातळ पाते व थोडा अधिक वेळ यांपलीकडे फारसे काही लागत नाही.

त्याहूनही आधी, हाड जाते ते दात असतानाच. हिरड्यांच्या जुन्या रोगात, ज्याला लोक सरसकट पायोरिया म्हणतात, दाताभोवतीचे हाड वर्षानुवर्षे दुखल्याशिवाय झिजत राहते, आणि दात हलू लागतो तेव्हा अर्धे हाड आधीच गेलेले असते. महाराष्ट्रात याला मशेरीची जोड आहे. भाजून काळी केलेली तंबाखू सकाळी बोटाने हिरड्यांवर चोळण्याची सवय खेड्यापाड्यांतल्या असंख्य स्त्रियांना आहे, आणि ती दात घासणे या नावाखाली चालते म्हणून व्यसन वाटत नाही. तंबाखूतील निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करते, आणि हाडाच्या भरीला तर सर्वांत आधी लागते ते रक्त. म्हणून तंबाखू चालू असताना घातलेली भर फसण्याचा धोका वाढतो. आटोक्यात नसलेल्या मधुमेहाचेही तेच. याशिवाय हाडे ठिसूळ झाल्याबद्दल किंवा कर्करोगासाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी, बिस्फॉस्फोनेट गटातल्या विशेषतः, जबड्याचे हाड दात काढल्यानंतर मरून उघडे पडल्याची उदाहरणे 2003 पासून नोंदली गेली आहेत. गुडघ्याच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायला दिलेल्या गोळीचा दाढेशी काही संबंध असेल हे रुग्णाच्या डोक्यात येणे शक्य नाही. ते विचारायचे काम दंतवैद्याचे.

दातावाचून हाड टिकत नाही, याचा सर्वांत बोलका पुरावा इम्प्लांटच्या क्षेत्राबाहेर मिळतो. दुभंगलेल्या ओठ-टाळूसह जन्मलेल्या मुलांच्या वरच्या जबड्यात फट असते; ती कमरेच्या हाडाने साधारण आठ ते अकरा वर्षांच्या वयात, सुळा उगवण्याआधी भरावी, ही रीत 1972 मध्ये बॉइन आणि सँड्स यांच्या लेखाने रूढ झाली. वेळ तीच का, तर त्या भरलेल्या हाडातून पुढे सुळा स्वतः वाट काढत खाली उतरतो, आणि एकदा तो उतरला की ते हाड टिकते. रिकामी राहिलेली भर मात्र झिजत जाते. ज्या बॉइन यांचे नाव सायनसच्या पद्धतीशी जोडलेले आहे, त्यांचेच हेही काम आहे, आणि दोन्ही एकत्र वाचली तर हाडाच्या भरीचे खरे मोजमाप तिच्यावर पुढे काय उभे राहते यावरून करायचे, हे स्पष्ट होते. इम्प्लांट न बसवता सोडून दिलेली भर, किंवा बसवायचे पक्के नसताना घातलेली भर, बहुतेक वेळा वाया जाते.

म्हणून दात काढण्याच्या संमतीपत्रात एक भाग वाढवावा, अशी मागणी रास्त ठरते. आज त्या कागदावर भुलीच्या इंजेक्शनचे आणि रक्तस्रावाचे धोके लिहिलेले असतात; त्याखाली हेही असावे की, हा दात गेल्यावर त्या जागी काय करायचा विचार आहे, काहीच नाही, ब्रिज, कवळी की इम्प्लांट; बाहेरची भिंत तपासली का; खोबण भरायची असेल तर कशाने, ती सामग्री कुठून आलेली आहे आणि तिच्या बदल्यात दुसरे काय मिळू शकते; आणि इम्प्लांट हवा असल्यास परत कधी यायचे. वेदनेने हैराण माणूस यातले काही वाचणार नाही, असे म्हटले जाईल. ते खरे आहे. पण वेदना बहुतेक वेळा औषधाने आणि मुळातला पू काढून दोन दिवस थोपवता येते, आणि त्या दोन दिवसांत घरच्या कोणाला तरी सोबत घेऊन तो पुन्हा येऊ शकतो. ज्यांच्या बाबतीत तेवढाही धीर धरणे शक्य नसते, त्यांच्या कागदावर निदान शेवटची ओळ लिहून द्यावी: तीन महिन्यांच्या आत दाखवायला या, नंतर हाड कमी होईल. ही ओळ मराठीत असावी, आणि दात काढून झाल्यावर, तोंडात कापूस असताना, ती कोणीतरी मोठ्याने वाचूनही दाखवावी.